जिल्ह्याचं नाव मथळ्यातच सांगा

मार्च महिन्यात तासगावहून मामाचा फोन आला की तो खुशाली विचारायला नसतो. त्या दिवसांत त्याची द्राक्षं बेदाणा शेडवर जाळीवर पसरलेली असतात. त्याचा एक डोळा आभाळावर असतो, दुसरा मोबाइलवर. गेल्या हंगामात त्यानं मला एक बातमी पाठवली आणि पाठोपाठ फोन केला. “बघ रे जरा, आपला जिल्हा हाय का ह्यात? माझ्यात उघडंना झालंय.” मथळा होता: “पुढचे ४८ तास धोक्याचे! ‘या’ जिल्ह्यांना अवकाळीचा तडाखा, तुमचा जिल्हा आहे का यात?”

मी बातमी उघडली. आधी आडवी आलेली जाहिरात बंद केली. ‘सूचना सुरू करायच्या का’ याला नको म्हटलं. मग अवकाळी पावसानं शेतीचं कसं नुकसान होतं यावर एक परिच्छेद, हवामान विभागानं इशारा दिला आहे असं सांगणारा दुसरा परिच्छेद, पुन्हा जाहिरात, आणि अगदी तळाला विदर्भातल्या चार जिल्ह्यांची नावं. सांगली नव्हती. तोवर मामानं शेडच्या बाजूंना प्लॅस्टिकचा कागद बांधायला दोन माणसं बोलावलीही होती. कागद बांधला की वारं कोंडतं आणि माल वाळायला वेळ लागतो. पाऊस आला नाहीच. दोन माणसांची हजेरी आणि वाळणीचा एक दिवस, एवढ्याला तो ‘या’ पडला.

शाळेत बाईंनी आम्हाला दर्शक सर्वनाम शिकवताना हातातला खडू उंच धरून “हा” म्हटलं होतं आणि खिडकीबाहेरच्या पिंपळाकडे बोट करून “तो”. (नामाआधी आला की त्याला सार्वनामिक विशेषण म्हणायचं, हे मला ठाऊक आहे; पत्रं पाठवू नयेत.) बोट दाखवलं तरच ‘हा’ला अर्थ. मराठी मथळ्यांत एकेरी अवतरणात बसवलेला जो ‘या’ गेली काही वर्षं दिसतो, त्याच्यामागे बोटच नाही. ‘या’ अभिनेत्रीनं, ‘या’ शेअरनं, ‘या’ राशीच्या लोकांनी, ‘या’ तारखेला.

अभिनेत्रीचं सोडून देऊ. नटनट्यांच्या बातम्यांत लपाछपीचा खेळ असतो आणि तो खेळ आहे हे लिहिणारा आणि वाचणारा दोघंही जाणतात. राशीवाल्यांचंही मला काही म्हणायचं नाही. माझं भांडण आहे ते पाऊस, सरकारी योजना, परीक्षांच्या तारखा, पाणीकपात आणि रेल्वेचा मेगाब्लॉक यांच्या मथळ्यांशी. या गोष्टी माणसाला जाणून घ्यायची हौस असते म्हणून तो वाचत नाही. त्यावरून त्याला दिवस आखायचा असतो.

मेगाब्लॉकचंच घ्या. रेल्वेची सूचना स्वच्छ असते: कोणता मार्ग, कोणत्या दोन स्थानकांमध्ये, किती ते किती. तीच सूचना मथळ्यात येते तेव्हा होते, “रविवारी ‘या’ मार्गावर मेगाब्लॉक, घराबाहेर पडण्यापूर्वी वेळापत्रक वाचा.” शब्द मोजा, आठ आहेत. “रविवारी माटुंगा ते मुलुंड मेगाब्लॉक” यात पाच आहेत. म्हणजे जागा नव्हती म्हणून नाव गाळलं, हा बचाव टिकत नाही. लपवायला उलट तीन शब्द जास्त लागले.

लाडकी बहीण योजनेच्या बातम्यांनी तर कळस केला. २०२४ साली सुरू झालेल्या या योजनेत २१ ते ६५ वयाच्या पात्र स्त्रियांना महिन्याला १,५०० रुपये मिळतात. ज्या घरात हे पैसे गॅस सिलिंडरला आणि मुलांच्या वह्यांना जातात तिथे “‘या’ बहिणींचे पैसे बंद होणार, यादीत तुमचं नाव आहे का?” हा मथळा काय करतो, याचा विचार करून बघा. आत यादी नसते. कुटुंबाचं वार्षिक उत्पन्न अडीच लाखांच्या वर नसावं, हा पहिल्यापासूनचा नियम पुन्हा एकदा लिहिलेला असतो. पण मथळा वाचून धुणीभांडी करणारी बाई कामाचा खाडा करून सेतू केंद्रावर जाते, रांगेत उभी राहते आणि “ताई, काही नवीन नाही” हे ऐकून परत येते. त्या मथळ्यात “नियम जुनाच” एवढे दोन शब्द असते तर तिचा खाडा वाचला असता.

गावात पूर्वी दवंडी पिटत. ऐका हो ऐका म्हणून लोकांना गोळा करायचं आणि मग काय, कुठे, कधी ते सांगून टाकायचं, असा तिचा शिरस्ता. लक्ष वेधणं आणि सांगणं ही दोन्ही कामं ती एका दमात करी. ‘या आळीत उद्या पाणी येणार नाही, कोणत्या ते माझ्या घरी येऊन विचारा’ अशी दवंडी पिटणाऱ्याची हलगी गावानं काढून घेतली असती.

आता त्या अवतरण चिन्हांबद्दल. भारतीय वृत्तपत्र परिषदेनं पत्रकारितेचे जे संकेत घालून दिले आहेत, त्यांत मथळ्यांचा वेगळा उल्लेख आहे. मथळा सनसनाटी किंवा चिथावणीखोर नसावा, खालच्या मजकुरातून तो सिद्ध व्हावा, आणि मथळ्यात कुणावर आरोप असेल तर आरोप करणाऱ्याचं नाव द्यावं, निदान अवतरण चिन्हं तरी घालावीत, असं तिथे म्हटलं आहे. म्हणजे मथळ्यातलं अवतरण हे ‘हे बोलणं आमचं नाही, दुसऱ्या कुणाचं आहे’ असं सांगणारं जबाबदारीचं चिन्ह. तेच आपण नाव झाकायला वापरतो आहोत.

मी हे सोवळ्यात बसून लिहीत नाही. काही वर्षांपूर्वी एका वेबसाइटसाठी मी बातम्या लिहीत असे आणि असे ‘या’ मी स्वतः घातले आहेत. रोज संध्याकाळी ग्रुपवर आकडे पडायचे, कुणाची बातमी किती जणांनी उघडली त्याचे. पावसाची बातमी जिल्ह्यांच्या नावांसह दिली की लोक मथळा वाचून पुढे जात. नावं काढली की उघडत. डेस्कवरचे एक वरिष्ठ म्हणत, “सगळं मथळ्यातच सांगितलंस तर आत काय बघायला येतील?” तेव्हा मला उत्तर सुचलं नव्हतं. धंद्याच्या बाजूनं बघितलं तर ते चुकतही नव्हते. जाहिरातीचे पैसे पान उघडण्यावर मिळतात आणि आमचे पगार त्या पैशांतून होत.

छापील पेपराचं गणित वेगळं होतं. सकाळी एकदा पैसे दिले की सगळा अंक आपला. मग प्रत्येक मथळ्याला वेगळं भाडं वसूल करायचं नसे. उपसंपादक हेडिंग देत तेही कॉलमची रुंदी बघून, अक्षरं मोजून, आणि वाचणारा त्या हेडिंगांवरून अंक चाळत काय सोडायचं ते ठरवी. वाचकाला ‘तुझं इथे काही काम नाही, पुढे जा’ असं सांगणं हे मथळ्याचं मोठंच काम असतं. विदर्भातल्या चार जिल्ह्यांची नावं मथळ्यात असती तर मामानं ती बातमी उघडली नसती आणि त्याचं भलं झालं असतं. नव्या व्यवहारात या सेवेचे पैसे मिळत नाहीत, दंडच बसतो. शिवाय आता मथळा माणसाआधी सर्च इंजिनाला वाचून दाखवायचा असतो, म्हणून पुष्कळ ठिकाणी सुरुवातीला विषयाचं नाव रोमन लिपीत, मग विसर्गासारखे दोन टिंब, आणि मग मराठी. यंत्राला पूर्ण नाव आणि वाचकाला ‘या’!

ही युक्ती काही आपण शोधलेली नाही. अमेरिकेत २०१२ साली सुरू झालेल्या अपवर्दी या संकेतस्थळावर एका मजकुरासाठी पंचवीस-पंचवीस मथळे लिहायची शिस्त होती. त्यातले निवडक मथळे थोड्याथोड्या वाचकांना दाखवायचे आणि जो जास्त जण उघडतील तो ठेवायचा. यामागचं शास्त्र त्याहून जुनं. जॉर्ज लोवेनस्टीन या अभ्यासकानं १९९४ मध्ये मांडलं होतं की आपल्याला ठाऊक असलेलं आणि ठाऊक करून घ्यावंसं वाटणारं यांच्यात फट दिसली की मनाला चैन पडत नाही. कुतूहल म्हणजे ती फट बुजवण्याची ओढ. साध्या मराठीत, खाज. मथळा ती खाज उठवतो, आपण खाजवतो, आणि खाजवल्याचा आकडा संध्याकाळी ग्रुपवर पडतो. वाचल्यावर समाधान झालं का, याचा आकडा कधी पडलेला मला आठवत नाही.

हे सगळं ऐकून काही मंडळी म्हणतील, म्हणूनच आम्ही भडक मथळ्यांच्या वाटेला जात नाही. त्यांचे मथळे कसे असतात? “मराठी भाषा : दशा आणि दिशा.” “शेतीचे प्रश्न : एक चिंतन.” “सहकार चळवळ : आव्हाने आणि संधी.” मीही एकदा दुष्काळी भागातल्या टँकरवर लिहून वर “पाणीप्रश्न : काही विचार” असा झेंडा लावला होता. तो माझ्या भावानंसुद्धा वाचला नाही. या घराण्याचा मूळपुरुष म्हणजे शासन निर्णय. त्याच्या विषयाच्या ओळीत सगळं काही ‘…बाबत’ असतं. योजना राबविण्याबाबत, मुदतवाढ देण्याबाबत, समिती गठित करण्याबाबत. मुदतवाढ दिली की नाकारली, ते आत.

मला हे दोन्ही प्रकार सख्खे भाऊ वाटतात. एक अवतरणाच्या पडद्याआड लपवतो, दुसरा धुक्यात. दोघांच्याही मथळ्यात लेखकाला काय म्हणायचं आहे ते नसतं. दशा आणि दिशावाल्याला आपण सभ्य समजतो एवढाच काय तो फरक. पण वाचकानं पाठ फिरवली म्हणून तो हळहळतो तेव्हा मला त्याची फारशी कीव येत नाही.

आणि आपल्याकडे मथळे असे नव्हते हो. १८९७ च्या जुलैमध्ये, रँडच्या खुनानंतर सरकारनं पुण्यावर वरवंटा फिरवायला घेतला तेव्हा ‘केसरी’त टिळकांनी विचारलं, “सरकारचे डोके ठिकाणावर आहे काय?” पुढच्याच आठवड्यात लिहिलं, “राज्य करणे म्हणजे सूड उगविणे नव्हे.” सव्वाशे वर्षं उलटली तरी दोन्ही मथळे शाळकरी मुलांना पाठ असतात. त्यांत लपवलंय काय? काहीच नाही. आरोपीचं नाव पहिल्याच शब्दात आहे. आजच्या डेस्कवर हे हेडिंग गेलं असतं तर “‘यांचे’ डोके ठिकाणावर नाही? टिळकांनी अखेर मौन सोडलं” असं होऊन बाहेर पडलं असतं.

इयन बेटरिज या ब्रिटिश पत्रकाराच्या नावानं एक गमतीदार नियम सांगतात. त्यानं तो २००९ मध्ये मांडला. मथळा प्रश्नचिन्हानं संपत असेल तर त्याचं उत्तर ‘नाही’ असंच असतं. त्याचा रोख होता तो खात्री नसताना बातमी सोडून देणाऱ्या आणि प्रश्नचिन्हाआड दडणाऱ्या पत्रकारांवर. टिळकांच्या प्रश्नाचं उत्तरही ‘नाही’च आहे, पण ते तिथे दडण्यासाठी नाही. प्रश्न वाचता क्षणी उत्तर वाचकाच्या तोंडात येतं आणि खालचा लेख ते उत्तर ठासून मांडतो.

या मथळ्यापायी टिळकांना तुरुंगात जावं लागलं, असं पुष्कळदा सांगितलं जातं. ते बरोबर नाही. १८९७ चा राजद्रोहाचा खटला होता तो १५ जूनच्या अंकातल्या मजकुरावर, शिवाजी महाराजांच्या तोंडी घातलेली एक कविता आणि उत्सवातल्या भाषणांचा वृत्तान्त यांवर. शिक्षा झाली दीड वर्षाची. ज्यासाठी शिक्षा झाली तो मजकूर अभ्यासक सोडले तर आज कुणाच्या लक्षात नाही. ज्याच्यावर खटला नव्हता तो मथळा सगळ्यांच्या लक्षात आहे, इतका की लोकांनी शिक्षासुद्धा त्याच्याच नावावर मांडली. चांगल्या मथळ्याचं बळ सांगायला मला याहून मोठा दाखला माहीत नाही.

१९०८ च्या खटल्यात मात्र “देशाचे दुर्दैव” आणि “हे उपाय टिकाऊ नाहीत” हे लेख होते आणि त्यापायी सहा वर्षं मंडाले झालं. दुसरा मथळा बघा. चार शब्दांचं पूर्ण वाक्य. कर्ता आहे, विधान आहे, ते नाकारायचं तर समोरच्याला ‘टिकाऊ आहेत’ असं म्हणावं लागेल. मराठीतल्या गाजलेल्या मथळ्यांत मला हीच गोष्ट वारंवार दिसते. ती वाक्यं असतात. ‘मूकनायक’मधला आंबेडकरांचा १९२० चा मथळा आहे, “हे स्वराज्य नव्हे, तर आमच्यावर राज्य.” आमच्यावर या एका शब्दात जातिव्यवस्थेचा सगळा हिशोब आला, आणि स्वराज्य-राज्य हा नाद कानातून जात नाही. आगरकरांचा “स्त्रियांस चरितार्थसंपादक शिक्षण देण्याची जरूरी” हा वाक्य नाही आणि आकर्षक तर मुळीच नाही, बोलताना जीभ अडखळते. तरीही नुसतं ‘स्त्रीशिक्षण’ म्हणून तो मोकळा झालेला नाही. पोट भरता येईल असं शिक्षण, अशी नेमकी मागणी वरच लिहिली आहे. चरितार्थसंपादक हा शब्द कापला असता तर मथळा गोड झाला असता आणि आगरकर त्यातून निघून गेले असते.

स्पष्ट मथळा चांगलाच असतो असं मात्र मी म्हणत नाही. साठच्या दशकात ‘मार्मिक’मध्ये मुंबईतल्या कंपन्यांमधल्या अमराठी अधिकाऱ्यांची नावं छापून वर “वाचा आणि थंड बसा” असा मथळा येई. पुढे त्याचं “वाचा आणि उठा” झालं. चार शब्दांत, तीन शब्दांत, वाचकाला थेट हुकूम. लपवाछपवी शून्य, परिणाम जबरदस्त, आणि खाली दुसरं काही नाही, निव्वळ आडनावं! तो मथळा ज्यांच्यावर रोखलेला होता त्यांच्या बाजूनं वाचला की अंगावर येतो. पण निदान त्याच्याशी भांडता येतं. कुणी काय म्हटलं ते समोर आहे, म्हणणाऱ्याला जाब विचारता येतो. ‘या’ला काय जाब विचारणार?

हा सगळा उद्योग मथळ्यापुरता का होईना गंभीरपणे घ्यायला हवा, कारण मथळ्याच्या खाली फार कमी जण उतरतात. २०१६ मध्ये अमेरिका आणि फ्रान्समधल्या संशोधकांनी ट्विटरवरच्या बातम्यांच्या दुव्यांचा अभ्यास केला, तेव्हा शेअर झालेल्या दुव्यांपैकी ५९ टक्के दुव्यांवर कुणीही एकदासुद्धा क्लिक केलेलं नव्हतं. आपल्या घरच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर नजर टाकली तर हे आश्चर्याचं वाटणार नाही. आत्यानं पाठवलेली बातमी आत्यानं वाचलेली असतेच असं नाही. ऑस्ट्रेलियातले उलरिक एकर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २०१४ मध्ये दाखवलं की मथळा दिशाभूल करणारा असेल तर खालचा मजकूर बरोबर असूनही वाचकाच्या लक्षात गोष्ट वाकडीच राहते. म्हणजे ‘आत खरं लिहिलंय की’ ही पळवाटही बंद.

मग उपाय? कंपन्यांनी करून पाहिले आहेत. फेसबुकनं २०१६ च्या ऑगस्टमध्ये माहिती रोखून धरणारे आणि भलतंच सुचवणारे मथळे मागे ढकलायचं जाहीर केलं. यूट्यूबनं २०२४ च्या डिसेंबरमध्ये भारतापुरतं सांगितलं की ताज्या बातम्यांच्या व्हिडिओंवरचं शीर्षक किंवा थमनेल आतल्या गोष्टीशी जुळत नसेल तर तो काढू. मोबाइल उघडून बघा, किती फरक पडला ते. ज्याचा धंदा क्लिकवर चालतो त्यानं क्लिकला आवर घालायचा म्हणजे कठीणच. सरकारनं मथळे तपासावेत असं तर मला अजिबात वाटत नाही. ते खातं १९०८ मध्ये एकदा चालवून झालं आहे.

माझी मागणी लहान आहे. ज्या बातमीवरून कुणी घराबाहेर पडायचं की नाही, माल झाकायचा की नाही, खाडा करायचा की नाही हे ठरवतो, तिच्या मथळ्यात जिल्हा, तारीख, मार्ग, अट असावी. बाकीच्या मथळ्यांनी हवी तेवढी नखरेबाजी करावी. आणि ज्यांना कुणी वाचत नाही असे माझ्यासारखे लिहिणारे आहेत, त्यांनी वाचक ओढण्याच्या युक्त्या शिकण्याआधी आपल्या लेखात एखादं वाक्य आहे का ते शोधावं, जे कुणीतरी नाकारू शकेल. ते सापडलं तर तेच वर टाकावं. माझ्या त्या टँकरच्या लेखात तसं वाक्य होतं, सातव्या परिच्छेदात पुरलेलं: “आमच्या विहिरींचं पाणी आम्हालाच टँकरनं विकत मिळतं.” लेख छापून झाल्यावर ते मला दिसलं.

मामाच्या गावात यावर लोकांनी आपापला तोडगा काढला आहे. शेडवाल्यांच्या ग्रुपवर एक तरुण पोरगा आहे, त्याची स्वतःची चार एकर बाग. तो रोज सकाळी हवामान विभागाचा जिल्हावार इशारा उघडतो आणि ग्रुपवर फिरत असलेल्या त्या ‘या’वाल्या बातम्यांच्या खाली एक ओळ टाकतो. बहुतेक दिवशी ती “सांगली नाही” एवढीच असते. मामा आता मला बातम्या पाठवत नाही, त्या ओळी पाठवतो. परवाची होती: “आज सांगली यलो. दुपारनंतर वीज-वारा. कागद बांधून घ्या.”